आवाज कुणाचा? इटालियन हाउसच्या आतल्या बाजूबद्दल

शीर्षक वाचून कुणी दचकू नये. महाराष्ट्रात 'आवाज कुणाचा' असं कुणी ओरडलं की उत्तर आधीच ठरलेलं असतं. मला मात्र हा प्रश्न खरोखर विचारायचा आहे, आणि तो इटलीतल्या नाचाच्या संगीताबद्दल आहे.

विषय काहींना अनोळखी वाटेल, काहींना अस्थानी. गेली काही वर्षं रात्रीचं लिहिणं-वाचणं आटोपल्यावर मी हेडफोनवर जे ऐकत आलो आहे, त्यात १९८९ ते १९९३ या काळातल्या इटालियन हाउसचा वाटा मोठा आहे. मी इटलीला कधी गेलेलो नाही. क्लबात तर नाहीच. 'दारू, क्लब, रात्रभर नाच, आणि त्यात तुम्ही?' असं एका मित्रानं विचारलंही होतं. संगीत जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे हजार वर्षांचा आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, तरी तो मिटला नाही. माझ्याच्यानं काय मिटणार. मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. एखाद्याचा सूर, एखादीचा आवाज आपण उचलतो, तेव्हा नाव घेतो की गिळतो? या एका प्रश्नावर इटालियन हाउसच्या दोन बाजू समोरासमोर ठेवून पाहता येतात. जगाला माहीत आहे ती गोंगाटाची बाजू. मला सांगायचंय ते आतल्या बाजूबद्दल.

आधी एक खुलासा. डीजे म्हटलं की आपल्यासमोर ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत उभी राहते. गणपतीची मिरवणूक असो की मिलादचा जुलूस, छातीत धडधड भरेपर्यंत आवाज. आता काही शहरांत उलेमा आणि कमिट्याच 'जुलूसमध्ये डीजे नको' म्हणू लागल्या आहेत, हे बरं झालं. पण मूळ शब्द माणसासाठी होता. दोन तबकड्यांपैकी कुठली कधी लावायची, एकीचा ठेका दुसरीत कसा मिसळायचा, हे जाणणारा माणूस म्हणजे डीजे. या लेखात तो त्याच अर्थानं येईल.

हाउस जन्मलं शिकागोत. १९७७ साली तिथे 'वेअरहाउस' नावाचा क्लब सुरू झाला आणि न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स तिथे रेकॉर्ड वाजवू लागला. नाचायला येणारे बहुतेक तरुण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, त्यातले बरेच समलैंगिक. शहरातल्या इतर ठिकाणी त्यांना मोकळेपणानं वावरता येत नव्हतं. १९७९च्या जुलैमध्ये त्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर, हजारो लोकांच्या जल्लोषात, डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. ज्या संगीताची अशी जाहीर होळी झाली, तेच या मुलांनी जपलं, त्याला ड्रम मशीनचा सरळ चार मात्रांचा ठेका दिला, वर चर्चमध्ये घोटलेला स्त्रीचा आवाज ठेवला. 'वेअरहाउस'वरून नाव पडलं 'हाउस'. म्हणजे हे हाकललेल्यांचं संगीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता इटली. १९८९ साली रेज्जो एमिलिया या गावातल्या तिघांनी, दानिएले दावोली, मिर्को लिमोनी आणि वालेरियो सेम्प्लिची यांनी, 'ब्लॅक बॉक्स' या नावानं 'राइड ऑन टाइम' काढलं. पियानोचे दणदणीत ठोके आणि त्यावर एका बाईचा गगनभेदी आवाज. ब्रिटनमध्ये सहा आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि त्या वर्षी तिथे सर्वाधिक खपलेलं सिंगल ठरलं. टीव्हीवर हे गाणं गाताना दिसायची कात्रिन कीनॉल, एक सडपातळ मॉडेल. ती फक्त ओठ हलवत होती. आवाज होता लोलिॲटा हॉलोवेचा. शिकागोची ही बाई गॉस्पेल गात वाढली होती, आणि तिच्या १९८०च्या 'लव्ह सेन्सेशन' या रेकॉर्डवरून तिचा गळा कापून इथे चिकटवला होता. तिला विचारलं नव्हतं आणि तिचं नावही कुठे नव्हतं. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, तडजोडीत पैसे दिले गेले, आणि गाण्याची एक आवृत्ती ब्रिटिश गायिका हेदर स्मॉलकडून नव्यानं गाऊन घेण्यात आली.

बरं, यातून काही शिकले म्हणावं तर तेही नाही. १९९०च्या 'ड्रीमलँड' या अल्बममधली बरीच गाणी मार्था वॉशनं गायली. श्रेय नाही, आणि व्हिडिओत पुन्हा कात्रिन. वॉश लठ्ठ होती आणि त्या काळच्या व्हिडिओवाल्यांना तशी बाई पडद्यावर नको होती. ती कोर्टात गेली. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटानं तिच्याशी हेच केलं, तिथेही गेली. नाचाच्या गाण्यावर गायिकेचं नाव छापलं जाण्याची रीत पुढे पक्की झाली, त्यात तिच्या या भांडणांचा वाटा मोठा आहे.

इथे कुणी म्हणेल, यात काय विशेष? पार्श्वगायन आपल्याकडे रोजचंच. खरं आहे. चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा, याचं आपल्याला काहीच वाटत नाही. पण आपल्याकडेही एके काळी नाव गिळलं जायचं. १९४९च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. खरं नाव काय, असं ऐकणारेच विचारू लागले तेव्हा ते पुढे आलं. उसना आवाज वापरणं हा गुन्हा नाही; आवाज उसना आहे हे लपवणं हा आहे. हा फरक आपल्याला १९४९ साली कळला आणि रेज्जो एमिलियातल्या त्या तिघांना चाळीस वर्षांनी कोर्टाची पायरी दिसल्यावर.

'राइड ऑन टाइम'नंतर पियानोची लाटच आली. ब्रेशा शहराजवळ 'मीडिया रेकॉर्ड्स'नं तर कारखानाच उघडला. एका इमारतीत ओळीनं स्टुडिओ, आणि त्यातून महिन्यामागून महिना '४९र्स', 'कॅपेला' अशा नावांखाली माल बाहेर. ब्रिटिश पत्रकारांनी सगळ्याला मिळून 'इटालो-हाउस' म्हटलं आणि थट्टा केली. उथळ, उसनं, आनंदी. इटालियन हाउसची प्रतिमा तिथेच गोठली. एखाद्या जमातीतले चार जण मोठ्यानं बोलले की ती जमातच तशी, असं म्हणून लोक मोकळे होतात. आपल्याला हे सांगायला नको.

त्याच वर्षी, १९८९ साली, ब्लॅक बॉक्सच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, बोलोन्यातल्या डीएफसी या लेबलवरून एक १२ इंची तबकडी निघाली. नाव 'सुएन्यो लातिनो', लॅटिन स्वप्न. मासिमिनो लिपोली आणि आंजेलिनो आल्बानेझे हे डीजे, आणि त्यांच्या जोडीला आंद्रेआ जेमोलोत्तो, क्लाउदिओ कोल्लिनो, दाविदे रित्साती. ऐकायला बसलात तर पहिल्यांदा पाखरांचे आवाज येतात. मग एक साधी, दोन सुरांत झुलणारी कीबोर्डची ओळ सुरू होते आणि शेवटपर्यंत थांबत नाही. खाली ठेका आहे, पण तो ढकलत नाही. मधूनच कारोलिना दामास स्पॅनिशमध्ये कुजबुजते. कळस नाही, पियानोचा धबधबा नाही, हात वर करायला लावणारं काही नाही.

ती झुलणारी ओळ त्यांची नव्हती. बर्लिनच्या मानुएल गॉटशिंगची होती. गॉटशिंग 'आश रा टेम्पल' या जर्मन गटाचा संस्थापक, गिटारवादक. १२ डिसेंबर १९८१ रोजी दौऱ्यावरून परत आल्यावर आपल्या स्टुडिओत त्यानं एकट्यानं, एका दमात, जवळजवळ तासभर वाजवलं. दुसऱ्या दिवशी विमानानं हॅम्बुर्गला जायचं होतं, प्रवासात ऐकायला काहीतरी हवं म्हणून, असं तो मुलाखतींत सांगायचा. कुठे चूक नाही, कापाकापी नाही. नाव दिलं 'ई२-ई४', बुद्धिबळातल्या पहिल्या चालीवरून. रेकॉर्ड निघाली तीन वर्षांनी, १९८४ साली. जर्मनीत फारसं कुणी विचारलं नाही. पण न्यूयॉर्कच्या 'पॅराडाइज गराज' या क्लबात लॅरी लेव्हान ती वाजवू लागला. ज्या संगीताचा नाचाशी काही संबंध नाही असं तिच्या कर्त्याला वाटत होतं, त्यावर तिथले लोक नाचत होते.

आता माझ्या मुद्द्याची गोष्ट. 'सुएन्यो लातिनो'च्या तबकडीवर स्वच्छ छापलेलं आहे: सोबत मानुएल गॉटशिंग, 'ई२-ई४' वाजवताना. श्रेयनामावलीच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात दडवलेलं नाही. शीर्षकाच्या ओळीतच. वर्ष तेच, प्रांत तोच, यंत्रं जवळजवळ तीच. एका तबकडीवर आवाजाचा मालक पुसला जातो, दुसरीवर सुराचा मालक मथळ्यात येतो.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला इस्नाद आठवली. हदीसच्या ग्रंथांत वचनाआधी सांगणाऱ्यांची साखळी येते: मला अमुकनं सांगितलं, त्यानं अमुककडून ऐकलं, त्यानं तमुककडून. वचन कितीही सुंदर असो, साखळीतली एखादी कडी अनोळखी निघाली की मुहद्दिस त्याला जईफ ठरवतात. गाण्यातही आपल्याकडे ही तहजीब होती, थोडीफार अजून आहे. उस्तादांचं नाव घेताना हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि तिथल्या ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात उरुसाला आजही त्यांच्या स्मरणार्थ मैफल होते. तिथे गाणारा आधी कुणाचं नाव घेतो ते ऐका. नाव घेणं ही नुसती नम्रता नसते. हे सूर माझ्यापर्यंत कुठल्या वाटेनं आले, हे ऐकणाऱ्याला कळणं हा त्याचा हक्क असतो.

आणि साखळी बोलोन्यात थांबली नाही. १९९२ साली डेट्रॉइटच्या डेरिक मेनं 'सुएन्यो लातिनो'चा रिमिक्स केला. १९९४ साली त्याच शहरातल्या कार्ल क्रेगनं 'ई२-ई४'वर आपली 'रिमेक' उभी केली. बर्लिन, न्यूयॉर्क, बोलोन्या, डेट्रॉइट. एका माणसानं विमानात ऐकायला म्हणून वाजवलेला तासभर तेरा वर्षांत इतका फिरला, आणि ऐकणाऱ्याला पायरी-पायरीनं मागे जाता येतं, कारण मधल्या कुणीतरी नाव खोडलं नाही.

ही आतली बाजू म्हणजे काही एकच तबकडी नव्हे. बोलोन्यातच 'इर्मा' नावाचं लेबल होतं आणि त्याचं 'कॅलिप्सो' हे धाकटं लेबल. १९९१ साली त्यावर दोन कार्लोस या नावानं 'अलोन' आली. दोन कार्लोस म्हणजे उत्तरेकडच्या वारेझे गावचा कार्लो त्रोया. ही तबकडी मी किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही. गोल, सावकाश बास. त्यावर कीबोर्डचे सूर पहाटेच्या धुक्यासारखे जमिनीलगत पसरलेले. शब्द जवळजवळ नाहीतच. दुःख म्हणावं तर दुःख नाही, पण गर्दीतून बाहेर पडून एकटं चालताना जे असतं ते आहे. मला यात लॅरी हर्डचा हात दिसतो. 'मिस्टर फिंगर्स' या नावानं शिकागोत त्यानं १९८६ साली केलेलं 'कॅन यू फील इट' या सगळ्या प्रकाराचं मूळ मानलं जातं. इटालियनांनी त्या गाण्यातली आर्तता घेतली आणि तिला थोडं ऊन दाखवलं.

यंत्रांबद्दल एक गंमत सांगायला हवी. १९८८ साली कॉर्ग कंपनीनं एम१ हा कीबोर्ड काढला. त्यात तयार भरलेला एक पियानोचा आवाज होता, काहीसा काचेसारखा, टोकदार. गोंगाटाच्या बाजूनं तोच धरला आणि तोच वाजवून वाजवून त्याचा चोथा केला. आतल्या बाजूकडेही यंत्रं फार वेगळी नव्हती. फक्त ते त्यांतले लांबत जाणारे, हळूहळू उमलणारे सूर शोधत बसले. महागडं काही लागलं नाही. लागला वेळ.

हे सगळं कुठून आलं, हे समजायला नकाशा उघडावा लागतो. रिमिनी, रिच्चोने, गाबिच्चे ही एद्रियाटिक समुद्रावरची गावं. उन्हाळ्यात सारा देश तिथे सुट्टीला येतो. इथे नाच नवा नव्हता. लिश्शो म्हणजे अकॉर्डियनच्या साथीनं जोडीनं नाचायचे वॉल्ट्झ आणि पोल्का. ते इथलं घरगुती संगीत, आणि सेकोन्दो कासादेईचं १९५४चं 'रोमान्या मिया' हे तर या प्रांताचं जणू राष्ट्रगीत. गाबिच्चे ज्या मार्के प्रांतात येतं, त्यातच कास्तेलफिदार्दो हे अकॉर्डियन बनवणाऱ्यांचं गाव आहे. आपल्या मिरजेत सतारी बनतात तसं. अशा किनाऱ्यावर १९७५ साली गाबिच्चेच्या टेकडीवर 'बाइया देल्यी आंजेली' हा क्लब उघडला. डीजेची खोली होती काचेच्या लिफ्टमध्ये, ती मजल्यांमधून वर-खाली व्हायची. सुरुवातीला दोन अमेरिकन डीजे होते, मग १९७७ साली दानिएले बाल्देल्ली आणि क्लाउदिओ रिस्पोली आले. बाल्देल्ली पुढे गार्दा सरोवराकाठच्या 'कॉस्मिक' क्लबात गेला आणि आफ्रिकी ढोल, ब्राझिली गाणी, जर्मन सिंथेसायझर एकमेकांत कालवू लागला, तेही तबकड्या मुद्दाम चुकीच्या वेगानं फिरवून. रिस्पोलीनं दहा-बारा वर्षांनी 'सॉफ्ट हाउस कंपनी' या नावानं 'व्हॉट यू नीड' केलं, आणि पुढे 'जेस्तोफंक'. म्हणजे १९८९ साली ज्यांनी ही मंद गाणी केली, त्यांच्यातल्या काहींचे कान पंधरा वर्षं तयार होत होते. इंग्रज पत्रकारांना वाटलं तसे ते काल शिकागोची रेकॉर्ड ऐकून आज नक्कल करणारे नव्हते.

आणखी एक गोष्ट मला नकाशावरूनच उमगली. हा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. आपल्या कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, रिमिनीत तो समुद्रातून वर येतो. गाबिच्चेच्या 'एथोस मामा' क्लबात रिकी मोन्तानारी आणि फ्लाव्हियो वेक्की वाजवायचे ते हे संगीत. आणि रात्र संपता संपता, दमलेल्या लोकांसाठी, जे लावलं जायचं त्यात याची खरी जागा होती. प्रहराप्रमाणे राग गाणाऱ्या देशातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ललत रात्री नऊला गायलात तर तो चुकत नाही, पण उपरा वाटतो. 'अलोन'चंही तसंच आहे. मी ती ऐकतो तेव्हा खिडकीबाहेर फजरची अजान व्हायला थोडाच वेळ असतो. मग हेडफोन काढून ठेवतो. दोन्हींची तुलना करत नाही. वेळ तेवढी एकच आहे.

त्या काळच्या इटलीत या पहाटेवर मोठा राग होता, हेही खरं. शनिवारी रात्री क्लबातून परतताना गाड्यांच्या अपघातांत तरुण मुलं मरत होती. वर्तमानपत्रांनी त्याला 'शनिवारच्या रात्रीचं हत्याकांड' असं नाव दिलं होतं, आणि क्लब लवकर बंद करा म्हणून आया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या आयांची चेष्टा करणारे लेख मी वाचले आहेत. मला त्यांची चेष्टा करवत नाही. संगीत चांगलं होतं म्हणून रस्त्यावरचं रक्त खोटं ठरत नाही.

आता माझ्या मनातल्या खऱ्या अडचणीकडे येतो. शिकागोचे तरुण हाकललेले होते म्हणून त्यांनी तळघर शोधलं. इटलीच्या या मुलांना कुणी हाकललं होतं? समुद्रकिनारा, उन्हाळा, आईबापांची गाडी. त्यांना 'अंडरग्राउंड' हा शब्द वापरायचा काय अधिकार? नेपल्सच्या एका लेबलनं तर तो सरळ आपल्या नावातच घातला: अंडरग्राउंड म्युझिक मूव्हमेंट, यूएमएम.

हा प्रश्न मला टोचतो, कारण मी उलट बाजूला उभा राहिलेलो आहे. नुसरत फतेह अली खाँसाहेबांनी गाजवलेली मस्त कलंदरची कव्वाली आपण सगळ्यांनी ऐकली आहे. १९९४ साली 'मोहरा'त ती चाल आली. कलंदर गेला, जिक्र गेला, उरली एक बाई, आणि तिला म्हटलं 'चीज'. गाणं तुफान चाललं. लग्नांत, वरातींत आमचीच पोरं त्यावर नाचली. ज्यांच्या दर्ग्यावरून ही चाल उठली, त्या सेहवानच्या दरवेशाचं नाव त्या गर्दीत कुणाला ठाऊक होतं? तेव्हा लोलिॲटा हॉलोवेला काय वाटलं असेल, याची मला थोडी कल्पना आहे.

म्हणून अधिकाराच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: परक्याचं संगीत घ्यायला परवाना लागत नाही. लागला असता तर अब्दुल करीम खाँसाहेबांना कर्नाटकी सरगम घेता आली नसती, आणि हार्मोनियम तर आपण हातही लावला नसता. पण घेतलेल्याचं नाव घ्यावं लागतं, आणि त्यावर आपली मेहनत ओतावी लागते. 'सुएन्यो लातिनो' या दोन्ही कसोट्यांना उतरते. 'राइड ऑन टाइम' दुसरीला उतरत असेलही, कारण गाणं बांधलंय झकास, हे मी नाकारत नाही. पहिलीला उतरत नाही.

याचा अर्थ आतली बाजू सगळी धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर हा लेख वकिली होईल. या मंद, सुंदर तबकड्यांवरही कितीतरी बायकांचे उसासे, एक-दोन ओळी, एखादी हाक आहे, आणि लेबलवर त्यांचं नाव नाही. हुकमी कृष्णवर्णीय आवाज हवा, माणूस नको, ही सवय दोन्ही बाजूंना होती. फरक प्रमाणाचा होता आणि काही थोड्या लोकांच्या नियतीचा.

दुसरीकडे, स्वतःची नावं लपवण्यात हे लोक पटाईत होते. ब्लॅक बॉक्सवाले तिघेच 'स्टारलाइट' होते, 'वुड ॲलन'ही तेच. आतल्या बाजूला तर एकेक माणूस पाच-पाच नावांनी, एकेका तबकडीपुरता गट बनवून काम करायचा. धंद्याचं कारण उघड आहे: वितरकाला दर महिन्याला नवं काहीतरी हवं असायचं. पण परिणाम असा झाला की कुणाचाच चेहरा तयार झाला नाही. दुसऱ्याचं नाव पुसणं आणि स्वतःचं नाव न लावणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. जुन्या मशिदींच्या कमानींवर, आपल्याकडच्या बिदरी सुरईवर कारागिराचं नाव शोधून सापडत नाही, तेव्हा आपल्याला चोरी आठवत नाही. तरी वीस वर्षांनी कुणी विचारायला आलं तर सांगणार काय, हा प्रश्न उरतोच.

आणि विचारायला लोक आले. १९९३च्या सुमाराला हा बहर ओसरला होता; इटलीतलं नाचाचं संगीत जास्त वेगवान, जास्त कठोर झालं. तबकड्या जुन्या बाजारात पडून राहिल्या. २०१७ साली अॅमस्टरडॅमच्या 'यंग मार्को' या डीजेनं आपल्या 'सेफ ट्रिप' लेबलवर १९८९ ते १९९३ मधल्या अशा इटालियन गाण्यांचा संग्रह काढला, नाव 'वेलकम टू पॅराडाइज'. पॅराडाइज, म्हणजे जन्नत, हा शब्द या मंडळींना भलताच प्रिय. अर्ध्या रिमिक्सांची नावं तीच. न्यूयॉर्कच्या त्या गराजची आठवण त्यात असावी. संग्रहाचे पुढचे भाग आले, आणि ज्यांनी कधी आपलं खरं नाव लावलं नव्हतं त्यांना परदेशातून बोलावणी येऊ लागली. जुन्या तबकड्यांचे भाव चढले. हौशी संग्राहक आता त्या काचेच्या कपाटात ठेवतात, याचा मला फारसा आनंद नाही, पण नव्यानं छापलेल्या प्रतींमुळे गाणी ऐकायला मिळाली हे मान्य करतो. माझी एकच तक्रार आहे: पुनर्मुद्रण करताना कर्त्या पुरुषांची नावं शोधायला जेवढी मेहनत घेतली गेली, तेवढी त्या कुजबुजणाऱ्या बायकांची नावं शोधायला घेतलेली मला दिसली नाही. कारोलिना दामासचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्यांचं काय?

ज्या मित्रानं सुरुवातीला 'आणि तुम्ही?' असं विचारलं होतं, त्यानंच परवा विचारलं, ऐकायचं तर कुठून सुरुवात करू? त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. आधी लोलिॲटा हॉलोवेचं 'लव्ह सेन्सेशन' पूर्ण ऐका, तिच्या नावानं. मग 'राइड ऑन टाइम' लावा, म्हणजे काय कापलं आणि कुठे चिकटवलं ते कानाला कळेल. मग दोन दिवस जाऊ द्या. मग रात्री उशिरा 'सुएन्यो लातिनो', त्यानंतर 'अलोन'. आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी तासभर मोकळा असेल तर 'ई२-ई४'. अर्ध्या वाटेपर्यंत काहीच घडत नाही असं वाटेल, आणि मग गिटार येते. तोवर बंद करू नका.